सोमवारची नोंदवही

सोमवारी आमच्या गावातली सगळी संग्रहालयं बंद असतात
म्हणून माझा वार सोमवार.
गडांचं शहर प्शेमिशल, असं छापतात पर्यटकांच्या नकाशावर.
भोवती फुटक्या बुरुजांचं कडं, मधून सान नदी,
आणि दर तिसऱ्या गल्लीत
कुणीतरी काचेआड ठेवलेली एखादी लढाई.
मी लढाया बघत नाही.
मी हवेतला ओलावा मोजतो.

लोखंडाला चाळीस टक्के. चामड्याला पन्नास.
गणवेशांचं मात्र अवघड,
कोरडे पडले की शिवणीत तडकतात,
ओल लागली की बगलेत बुरशी धरतात,
जसं काही आत अजून कुणाला घाम येतोय.

वेढ्याच्या खोलीत एक तोबरा टांगलाय.
त्यातला दाणा आधी संपला,
मग घोडा,
मग किल्ला.
शेजारी फुग्याला बांधून बाहेर सोडलेलं एक पत्र:
मी बरा आहे. कोबी पुरून ठेव. दाराची कडी बदल.
कागदाला पंचेचाळीस. लिहून घेतो, पुढे जातो.

तोफांच्या दालनाची राखण गेनोवेफाकडे.
सोमवारीही येते, घरी करमत नाही म्हणते.
बुटांवर नमद्याचे सपाते चढवल्याशिवाय
तिने मलाही कधी आत सोडलेलं नाही.
तोफेला बोट लावलं तर ती खोकते.
तिच्या खोकल्याला बिशपसुद्धा एकदा दचकले होते.

मग तो फेब्रुवारी.
सरहद्द इथून चौदा किलोमीटर.
स्टेशन भरलं, शाळा भरल्या, चर्चचं तळघर भरलं,
तेव्हा झेनोनसाहेबांनी स्वतः कुलूप काढून
तोफांमध्ये गाद्या टाकल्या.
सोमवार होता. मी आपला उपकरण घेऊन गेलो,
दुसरं काय घेऊन जाणार?

एका लांब नळीच्या तोफेवर
लहान मोज्यांचे अकरा जोड वाळत होते.
बारावा मोजा एकटाच.
गेनोवेफा खोकली नाही.
घसरत होता तो एक तिने वर ओढून नीट केला,
आणि सपात्यांची सगळी टोपली
अनवाणी आलेल्यांच्या पायांत रिकामी केली.

हे काय आहे, एका मुलीने विचारलं. ओरिस्या तिचं नाव.
तिची भाषा माझ्या भाषेची चुलत बहीण,
अर्धी कळली, अर्धी हातवाऱ्यांवर.
म्हटलं, हवेत पाणी किती ते सांगतं.
मग किती?
ब्याऐंशी.
तिने उपकरणावर जोरात फुंकर मारली.
चौऱ्याऐंशी!
हसली. तिची आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती,
कोट अंगात, बटणं लावलेली.

वहीत एक रकाना असतो, कारण.
त्यात आजवर मी लिहीत आलोय:
पाऊस. छत गळतंय. शाळेची सहल.
त्या दिवशी पेन हातात धरून बराच वेळ उभा होतो.
मग लिहिलं:
माणसं झोपली आहेत.

एप्रिलपर्यंत ती पांगली,
कुणी व्रोत्सवाफला, कुणी समुद्रापार,
काही परत, तिकडेच.
एकटा मोजा गेनोवेफाने खुर्चीच्या उशीखाली ठेवलाय.
तिला वाटतं मला माहीत नाही.

क्राकुफहून बाई आल्या, बाटल्या, बोळे, पांढरे हातमोजे.
नऊ तलवारी घासल्या.
दहाव्या तलवारीच्या पात्यावर मुठीजवळ
मसुराएवढा गंज.
हे कसं झालं, त्यांनी विचारलं.
गेनोवेफा खोकली.
अशी खोकली, की बाईंनी बोळा परत ठेवला.

आता पुन्हा तिकीट आहे, रांग आहे, सपाते आहेत.
पाटीवर तलवारीचं वर्ष आहे, घडवणाऱ्याचं नाव आहे.
डागाचं काही लिहिलेलं नाही.
दर सोमवारी मी तिथे जरा जास्त वेळ थांबतो.
अट्ठेचाळीस.
सत्तेचाळीस.
आज बेचाळीस, लोखंडाला हवं तसं.
कारणाच्या रकान्यात लिहितो:
कुणी नाही.